कादंबरीतला खेळाडू नायक

श्रोतेहो, आमच्या मोऱ्याच्या बंदरावरून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच मुंबईला पोचावयास सुमारे तासभर घेते. परंतु ओहोटीने पाणी उतरले म्हणजे बंदरातल्या गाळापायी ती सुटण्याचाच खोळंबा होतो, आणि उतारूंना बाकावर बसून भरतीची वाट पाहावी लागते. मध्यंतरी असाच एकदा मी खोळंबलो होतो. बरोबर माझ्या थोरल्या बहिणीची नात होती. ती मुंबईस कॉलेजात शिकते. तिने मोबाईल काढला आणि त्यात जी मान घातली ती वर काढीना. मास्तरकी सुटली तरी खोड सुटत नाही, मी विचारले, "काय वाचतेस?"

"कादंबरी आहे, आजोबा," ती म्हणाली, "कॉलेजातली. तो आइस हॉकी खेळतो."

पुस्तकाचे नाव 'द डील'. लेखिका एल केनेडी, राहणार कॅनडातली, आणि पुस्तक २०१५ सालचे. नायक गॅरेट हा विद्यापीठाच्या हॉकी संघाचा कप्तान. गडी मैदानात अजिंक्य, परंतु नीतिशास्त्राच्या परीक्षेत नापास. नायिका हॅना त्याच विषयात पहिल्या प्रतीची. तिने त्याला शिकवावयाचे आणि बदल्यात त्याने तिची एक वेगळीच अडचण दूर करावयाची, असा दोघांत करार होतो. पुढे काय होते ते सांगावयास नकोच. आमच्या नातीने मला सांगितले की, अशा कादंबऱ्यांचा आता स्वतंत्र वर्गच झाला आहे. हॅना ग्रेस नावाच्या लेखिकेची 'आइसब्रेकर' ही २०२२ सालची कादंबरीही त्यांतलीच. जिथे आयुष्यात कोणी बर्फाचे मैदान पाहिलेले नाही तिथल्या मुली त्या रात्र जागवून वाचतात. या पुस्तकांत काही पाने अशी आहेत की ती पोरींच्या हाती देताना माझ्यासारखा जुना शिक्षक बिचकेल. पण तो प्रश्न आज बाजूस ठेवू.

लाँच सुटेपर्यंत माझ्या मनात एकच विचार घोळत होता. ही कादंबरी मला नवी नव्हती. ही मी पन्नास वर्षांपूर्वी मराठीत वाचलेली होती. हॉकीच्या जागी टेनिस होते आणि बर्फाच्या जागी लाल माती, एवढाच काय तो फरक.

मी स्वतः कॉलेजाची पायरी कधी चढलो नाही. १९७४ साली जुन्या अकरावीची मॅट्रिक झालो, शिक्षक होण्याचे शिक्षण घेतले आणि प्राथमिक शाळेत लागलो तो निवृत्त होईपर्यंत. तेव्हा माझे कॉलेज म्हणजे कादंबरीतले कॉलेज. मजसारखे असे हजारो असतील. ते कॉलेज आम्हांस दाखविले प्रामुख्याने एका गृहस्थांनी: प्राध्यापक नारायण सीताराम फडके यांनी.

फडक्यांचा जन्म १८९४ चा. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात त्यांनी वर्षानुवर्षे तर्कशास्त्र व तत्त्वज्ञान शिकविले. 'कुलाब्याची दांडी' १९२५ मध्ये, 'जादूगार' १९२८ मध्ये आणि 'दौलत' १९२९ मध्ये आली, आणि पुढची दोन दशके मराठी मध्यमवर्गाच्या घरात फडक्यांचे पुस्तक उघड्यावर नसले तर उशीखाली असेच. त्यांचा नायक देखणा, सुशिक्षित, पोशाखी. त्याच्या हातात रॅकेट हटकून यावयाची. टीकाकारांनी त्या रॅकेटची यथेच्छ थट्टा केली. आचार्य अत्रे आणि फडके यांचे वैर तर साऱ्या महाराष्ट्राने चवीने पाहिले. परंतु थट्टा करणाऱ्यांनी एक प्रश्न विचारला नाही. रॅकेटच का? नायकाच्या हातात ग्रंथ का नाही, बासरी का नाही, किंवा आपल्या देशी परंपरेतला मुद्गल का नाही?

याचे उत्तर शोधावयाचे तर थोडे मागे जावे लागते.

प्रेमकथेला पहिली गरज असते ती अविवाहित पण वयात आलेल्या दोन माणसांची. एकोणिसाव्या शतकातल्या आपल्या पांढरपेशा समाजात अशी मुलगी जवळजवळ नव्हतीच. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' १८९० पासून 'करमणूक' पत्रात क्रमशः येऊ लागली. तिच्यातील यमूचे नवऱ्यावर प्रेम जडते ते लग्नानंतर, कारण आधी जडावयास वयच नाही. संमतिवयाचा कायदा १८९१ चा, आणि त्यातली मर्यादा बारा वर्षांची. तेवढ्यावरूनही केवढे रण माजले! शारदा कायदा १९२९ साली झाला व १९३० च्या एप्रिलपासून अंमलात आला, तेव्हा कुठे मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरले. कायदा लोकांनी कितपत पाळला हे सर्वांस ठाऊक आहे. पण शहरांतल्या शिकल्यासवरल्या घरांत लग्न लांबू लागले आणि मुली हायस्कुलातून कॉलेजात येऊ लागल्या. संख्या किती म्हणाल तर मूठभर. १९३१ च्या शिरगणतीप्रमाणे साऱ्या हिंदुस्थानात शंभर स्त्रियांपैकी जेमतेम तिघींना लिहितावाचता येत होते. त्यांतून कॉलेजापर्यंत पोचणाऱ्या किती, याची कल्पना करावी. तथापि कादंबरीला मूठभर पुरतात.

आता मुलगी कॉलेजात आली, पण दोघांनी भेटावे कुठे? वर्गात मुलींचे बाक वेगळे. बोलावयाचे तर वह्यांच्या देवघेवीचे निमित्त. वाचनालयात बोलण्याची बंदी. स्नेहसंमेलन वर्षातून एकदा. राहता राहिले क्रीडांगण, आणि इथे या इतिहासातली मला सर्वांत मौजेची वाटणारी गोष्ट आहे.

आपल्याकडे बलवान तरुण नव्हता असे नाही. गावोगाव तालमी होत्या, मारुती होता, लाल माती होती. हुतूतू होता, आट्यापाट्या होत्या. पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना निघाला. त्याने या देशी खेळांना नियमांत बसविण्याचा उद्योग आरंभिला, आणि त्याच मंडळींच्या खटपटीतून १९२० मध्ये अँटवर्पच्या ऑलिंपिकला आपले खेळाडू गेले, त्यांत दौडीसाठी बेळगावकडचे चौगुले होते. परंतु तालमीतला पैलवान प्रेमकथेचा नायक होऊ शकत नव्हता, कारण त्याची सारी तपश्चर्या ब्रह्मचर्याची. तालमीच्या दारात स्त्रीने पाऊल ठेवावयाचे नाही आणि पैलवानाने नजर वर करावयाची नाही. त्याचा देवच मुळी बालब्रह्मचारी! लंगोट कसलेल्या त्या वीराकडे कुलीन घरच्या मुलीने टक लावून पाहणे ही कल्पनाही कोणाला सोसली नसती.

टेनिस व क्रिकेट हे साहेबाचे खेळ याच्या उलट. अंगभर पांढरे फ्लॅनेल, कडेला तंबू, तंबूत खुर्च्या, मधल्या सुट्टीत चहा. खेळ जितका खेळणाऱ्यांसाठी तितकाच पाहणाऱ्यांसाठी. टेनिसात तर स्त्रीपुरुषांनी एका बाजूस जोडीने उभे राहण्याचीही सोय. हे केवळ कादंबरीकाराचे स्वप्न नव्हते. संस्कृत पंडिता क्षमाबाई राव या स्वतः टेनिसपटू होत्या, आणि त्यांची कन्या लीला राव हिने १९३४ मध्ये विंबल्डनला सामना जिंकला. तिथे सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. शंकर पांडुरंग पंडितांसारख्या वेदाभ्यासकाची लेक आणि नात रॅकेट घेऊन मैदानात उतरतात, हे ज्या महाराष्ट्राने पाहिले त्याला फडक्यांची नायिका अगदीच आकाशातून पडलेली वाटली नसावी.

पुरुषांच्या बाजूलाही खरी माणसे होती. पुण्याच्या सर परशुरामभाऊ कॉलेजात संस्कृत शिकविणारे प्राध्यापक दि. ब. देवधर घ्या. १९२६ साली आर्थर गिलिगनचा विलायती संघ मुंबईस आला. आरंभी सी. के. नायडूंनी हिंदू संघाकडून १५३ धावा कुटल्या, अकरा षटकारांसह. आणि पुढे अखिल भारतीय संघाकडून देवधरांनी १४८ केल्या. वय पस्तिशीला टेकलेले, दिवसा मुलांना कालिदास शिकवावयाचा आणि संध्याकाळी चेंडू सीमापार धाडावयाचा! याच देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला, व दुसऱ्या वर्षी मुंबईविरुद्ध त्यांनी २४६ धावा काढल्या, तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. विद्या आणि मैदान यांचे वैर नाही, हे अशा माणसांनी मराठी घरांना पटवून दिले होते. म्हणूनच खेळाडू नायक हा उनाड न वाटता जावई करण्याजोगा वाटू लागला.

असो. इथवर मी इतिहास सांगितला. परंतु या कादंबऱ्यांचे आकर्षण नेमके कशात होते हे मला इतिहासाने शिकविले नाही. ते माझ्या ताईने शिकविले, आणि तेही फार उशिरा.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. नववीनंतर तिची शाळा बंद झाली. वडिलांच्या नावाने वाचनालयातून पुस्तके यावयाची, ती मी आणावयाची. एकदा तिने यादीवर 'कुलाब्याची दांडी' लिहून दिली. आमचा जिल्हा त्या वेळी कुलाबा. रायगड हे नाव १९८१ चे. वडिलांची समजूत झाली की पुस्तक जिल्ह्यातल्या एखाद्या बंदराविषयी असावे. मुंबईच्या टोकाच्या दीपस्तंभाला जुनी माणसे कुलाब्याची दांडी म्हणत, हे त्यांना ठाऊक होते. पण त्या दीपस्तंभाच्या आडून प्रेमकथा निघेल याची त्यांना कल्पना नव्हती. त्या एका नावाच्या आधाराने ताईने फडक्यांची निम्मी पुस्तके घरात आणविली. माजघरात दिवा बारीक करून ती वाचावयाची, आणि मी चोरून तिच्या मागोमाग.

१९७३ साली तिला पाहावयास मंडळी येऊ लागली. एकामागून एक पाच स्थळे आली. पाटावर बसविणे, पोह्यांची बशी देवविणे, चार पावले चालावयास लावणे, सुईत दोरा ओवविणे, एक ओळ लिहवून घेणे, हे सारे यथासांग झाले. मी दाराआडून पाहत असे आणि आमच्या घरी पाहुणे आले याचीच मला मौज वाटे. चौथे स्थळ मोडले त्या दिवशी ताई पुस्तक घेऊन रडत बसली होती. मी पंधरा वर्षांचा शहाणा. वडिलांना जाऊन सांगितले की ही असली पुस्तके वाचते म्हणूनच हिचे चित्त थाऱ्यावर नाही. पुस्तके बंद झाली. पाचव्या स्थळी लग्न ठरले.

या गोष्टीबद्दल मी तिच्यापाशी कधी क्षमा मागितली नाही. मागावयाचे सुचलेच नाही. पुष्कळ वर्षांनी, दोघांचेही केस पिकल्यावर, सहज बोलता बोलता मी तिला विचारले, "ताई, त्या फडक्यांच्या पुस्तकांत तुला एवढे काय सापडत होते गं? तुला टेनिस ते काय हेही ठाऊक नव्हते."

ती म्हणाली, "बाळ, मला पाहावयाला पाचजण आले. मान वर करायची नाही अशी आईची ताकीद. मी पाच पावलांच्या जोड्या पाहिल्या, चेहरा एकही नाही. आणि त्या पुस्तकांतली मुलगी तंबूत खुर्चीवर बसते आणि तो मैदानात उभा असतो. हवे तितके बघावे. सगळे बघतात म्हणून तिने बघितले तरी कोणी नावे ठेवीत नाही."

श्रोतेहो, फडक्यांवर लिहिली गेलेली टीका मी बरीच वाचली आहे. एवढे नेमके मला त्यात कुठे आढळले नाही. आपल्याकडे मुलगी पाहण्याचा कार्यक्रम असतो. कॉलेजातल्या क्रीडाकादंबरीने तो उलटा केला. तिथे मुलगा पाहिला जातो. त्याला चालावयास, धावावयास, घामाघूम व्हावयास लावतात. तो हरला तर कसा वागतो, पंचाने चुकीचा निर्णय दिला तर आदळआपट करतो की हसून पुढे जातो, जोडीदाराच्या चुकीवर खेकसतो की पाठ थोपटतो, हे सारे उघड्यावर दिसते. पत्रिका हे सांगत नाही आणि पगाराचा आकडाही सांगत नाही. परीक्षेतला पहिला नंबर फळ्यावर लागतो, पण तो मिळविताना माणूस कसा होता हे कोणी पाहिलेले नसते. म्हणून नायकाच्या हातात ग्रंथ चालत नाही, रॅकेट लागते. एरवी जिने खाली पाहावयाचे तिला मान वर करण्याची मुभा देणारी दुसरी सभ्य जागा त्या काळी फारशी नव्हती.

याचा अर्थ या कादंबऱ्यांत सारे गोडच होते असे नाही. त्यांचे मैदान फार अरुंद होते. पळवणकर बाळूसारखा गोलंदाज पुण्यामुंबईच्या मैदानांनी पाहिला. पुण्याच्या मैदानात त्याच्या गोलंदाजीवर संघ जिंकावयाचा आणि चहा मात्र त्याला तंबूबाहेर वेगळ्या भांड्यात मिळावयाचा. त्याचाच भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये हिंदू संघाचा कप्तान झाला आणि संघाने चौरंगी सामने जिंकले. याहून मोठा नायक कोणत्या कादंबरीकाराला हवा होता? पण त्या काळच्या गाजलेल्या प्रेमकादंबऱ्यांची खुर्ची ज्या तंबूत होती तिथून हा माणूस दिसत नव्हता. आमच्या कोळीवाड्यातली पोरे वल्ही मारताना ज्या ताकदीने पाणी कापतात ती तर दूरच राहिली.

दुसरा आक्षेप शिक्षकाचा. वि. स. खांडेकर १९२० पासून अठरा वर्षे शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते. त्यांचे म्हणणे की कला जीवनासाठी. फडक्यांचे म्हणणे की कलेचे काम आनंद देण्याचे. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकरांचे 'कळ्यांचे निःश्वास' आले, आणि शिकलेल्या मुलीचे खरे आयुष्य टेनिसच्या मैदानावर नसून लांबलेल्या लग्नाच्या व घराच्या ओढाताणीत कसे चालले आहे हे लोकांनी दचकून वाचले. धंद्याने मी खांडेकरांच्या पक्षाचा असावयास हवा, आणि पुष्कळ वर्षे होतोही. वर्गात मी मुलांना त्यांचेच उतारे वाचून दाखविले. आजही 'कळ्यांचे निःश्वास' हे त्या सर्वांत मोठे पुस्तक असे माझे मत आहे. परंतु ज्या मुलीचे निःश्वास त्या पुस्तकात आहेत तीच मुलगी रात्री दिवा बारीक करून फडके वाचीत होती, ही गोष्ट मी आता विसरू शकत नाही.

सातासमुद्रापलीकडेही हेच घडत होते. १९७० साली एरिक सीगल याची 'लव्ह स्टोरी' निघाली. तिचा चित्रपटही त्याच वर्षी आला. नायक ऑलिव्हर हा हार्वर्डचा श्रीमंत घरचा आइस हॉकीपटू, नायिका जेनी ही पाववाल्याची मुलगी. लेखक स्वतः येल विद्यापीठात ग्रीक व लॅटिन वाङ्मयाचा प्राध्यापक! आमच्याकडे तत्त्वज्ञानाचा, तिकडे लॅटिनचा. टीकाकारांनी त्याचीही हेटाळणी केली आणि वाचकांनी त्याचीही पुस्तके उशीखाली ठेविली. तिकडच्या मुलींना पाटावर बसावे लागत नव्हते, तरी ती कथा त्यांना हवीशी वाटली; तेव्हा मान खाली घालावयास लावणारे पाट अनेक प्रकारचे असावेत. फडके आणि सीगल यांच्यात व आजच्या हॉकीच्या कादंबऱ्यांत मला एक मोठा फरक दिसतो. पूर्वी मुलीच्या नजरेने मुलाकडे कसे पाहावे हे पुरुष लिहून देत. फडक्यांच्या नायिकेला नायकाच्या पोशाखाची नको इतकी माहिती असते, ती बहुधा फडक्यांचीच. आता एल केनेडी लिहिते, हॅना ग्रेस लिहिते. मुलगा पाहण्याचा कार्यक्रम अखेर मुलींच्याच हाती आला.

त्या दिवशी लाँच सुटली तेव्हा ऊन कलले होते. नातीला धक्क्यावर उतरवून रात्री परतलो आणि दुसऱ्या दिवशी उरणला ताईकडे जाऊन तिला तो हॉकीचा सारा प्रकार सांगितला. ती हसली. मग म्हणाली, "तुला ठाऊक नाही, पण मीही एकदा पाहिले होते."

लग्नाला सहा वर्षे झाली होती. दोन मुले झाली होती. शिमग्यानंतरच्या एका रविवारी गावच्या मैदानात लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे असा क्रिकेटचा सामना ठरला. आमचे भाऊजी कारकून, चष्मा लावणारे. त्यांना अकरावा म्हणून उभे केलेले. ताई शेजारणींबरोबर कुंपणाच्या गडग्यावर बसली होती. सीमेवर एक उंच झेल आला. भाऊजी चष्मा सावरीत मागे मागे धावले, झेल सुटला, आपटले, उठले, आणि खो खो हसत चेंडू परत फेकला.

"तोवर मला ठाऊकच नव्हते," ताई म्हणाली, "की ते एवढे हसतात."